तंबोऱ्याचा रफार आणि तुमचे बाकीचे प्रश्न

मागच्या अंकात मी कादंबऱ्या प्रकाशकाशिवाय, स्वतःच कशा काढते त्याबद्दल थोडं लिहिलं होतं. मिरजेतल्या तंबोरे बनवणाऱ्या एका घराची गोष्ट माझ्या पहिल्या कादंबरीत आहे, तिचाही उल्लेख होता. त्यावर एवढी पत्रं आली की सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही. पाच प्रश्न घेतलेत, पत्रं थोडी छोटी केलीत आणि नावं मुद्दाम टाकलेली नाहीत.

ताई, मी २४ वर्षांचा आहे, पहिली कादंबरी लिहून झालीय. एका कंपनीने ७५ हजारांचं पॅकेज सांगितलंय, त्यात आयएसबीएन, कॉपीराइट, मार्केटिंग सगळं येतं म्हणतात. घेऊ का? (परभणी)

पैसे भरायच्या आधी हे पूर्ण वाच. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, आपल्याकडे फुकट मिळतो. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाखाली राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सी आहे, तिच्या पोर्टलवर लेखक स्वतः अर्ज करू शकतो. कॉपीराइटचं म्हणशील तर तू लिहिलंस तेव्हाच तो तुझा झाला, १९५७ च्या कायद्यात नोंदणीची सक्ती नाहीच, आणि तो तुझ्या हयातीत नि त्यानंतर ६० वर्षं राहतो. म्हणजे पॅकेजमधल्या दोन गोष्टी तुझ्याकडे आत्ताच आहेत. राहिलं मार्केटिंग, ते म्हणजे नेमकं काय, कुठे, किती दिवस, हे लेखी माग. तिथे उत्तर गोलगोल आलं तर तुला काय ते कळेलच.

करार नीट वाच, एखाद्या वकील ओळखीच्या माणसाला दाखव. हक्क किती वर्षांसाठी देतोयस हे करारात लिहिलंच नसेल तर कायदा ५ वर्षं धरतो, पण आत कुठेतरी 'कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी' असं एक वाक्य असलं की ती सोय गेली. पुढे ऑडिओ, अनुवाद, वेबसीरिज काहीही होऊ शकतं, ते हक्क छपाईच्या करारात अजिबात देऊ नकोस.

आता माझं सांगते. पहिल्या वेळी मीपण असंच पॅकेज घेतलं होतं. माझी फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर अक्षरं तशीच दिसतात त्या प्रकारात होती, त्यांनी ती जुन्या फाँटमध्ये कन्व्हर्ट केली आणि प्रूफ मला फक्त पहिल्या दोन प्रकरणांचं दाखवलं. पुस्तकं घरी आली, खोका फोडला, मधलं पान उघडलं आणि 'तंबोऱ्याचा' च्या जागी 'तंबोर्याचा'. अर्ध्या र ची चंद्रकोर जाऊन सगळीकडे रफार बसलेला. तंबोरे बनवणाऱ्यांची कादंबरी, तो शब्द पानापानावर, आणि ३०० प्रती छापून झालेल्या! फोन केला तर म्हणाले वाचकांना समजतं की. मला नाही चालत ते. चऱ्हाट, पऱ्हाटी, वाऱ्यावर, दुसऱ्या, ही आपल्या भाषेची अक्षरं आहेत आणि कादंबरीत ती मोडली की वाचणारा दर ओळीला ठेचकाळतो. त्या प्रती मी विकल्या नाहीत, वर्षभर पैसे साठवले आणि पुन्हा छापल्या.

म्हणून माझा सल्ला असा की पैसा दोनच ठिकाणी मोकळ्या हाताने खर्च कर, चांगला मुद्रितशोधक आणि मुखपृष्ठ. डीटीपी करणाऱ्याला पहिल्याच दिवशी विचार की युनिकोडमध्येच मांडणी करणार का, इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर हा पर्याय चालू ठेवला की मराठी जोडाक्षरं नीट बसतात. शेवटचं प्रूफ कागदावर घे, मोबाईलवर तपासू नकोस, आणि पानं छापखान्यात १६ च्या फर्म्यात, म्हणजे १६ पानांच्या एकेका गठ्ठ्यात जातात म्हणून २०८ किंवा २२४ अशी बसव, नाहीतर शेवटी कोरी पानं वाया जातात. आणि अजून एक, राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे, तिचा अर्ज आधी भर आणि मग ७५ हजारांचा विचार कर.

पुस्तकाची किंमत कशी ठरवता? ३०० रुपये जास्त वाटतात हो. (सोलापूर)

वाटतात, खरंय. पण हिशोब बघा. समजा छापील किंमत ३०० आहे, दुकानदार किंवा वितरक ४० टक्के कमिशन घेतो, म्हणजे माझ्या हातात १८०. कमी प्रती छापल्या की छपाई, कागद, बाइंडिंग मिळून एका प्रतीला शंभराच्या आसपास जातातच, मग मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, खोके, कुरिअर. आणि दुकानातले पैसे लगेच येत नाहीत, पुस्तक विकलं गेलं की मग. म्हणून मी थेट वाचकाला २५० ला देते, त्यात दोघांचंही भलं होतं.

मी निवृत्त शिक्षिका, दोन कादंबऱ्या स्वतः काढल्या. पण 'माझं पुस्तक घ्या' असं म्हणताना जीभच उचलत नाही. तुम्ही प्रमोशन कसं करता? (नाशिक)

बाई, मलाही अजून जड जातं. मी विकायचं सोडून वाचून दाखवायला लागले तेव्हा जरा सुटलं. आपल्याकडे १९६७ च्या कायद्याखाली गावोगावी सार्वजनिक वाचनालयं आहेत, अ ब क ड वर्गातली, त्यातली कितीतरी एखाद्या शनिवारी संध्याकाळी अर्धा तास द्यायला तयार असतात, फक्त कोणीतरी जाऊन विचारायला हवं. मी एक प्रकरण वाचते, वीस मिनिटं, मग लोक बोलतात. तासगावला असंच वाचून झाल्यावर एक आजोबा उठले आणि म्हणाले, माझ्या वडलांनी तंबोऱ्याचे हे भोपळे पंढरपूरकडून बैलगाडीतून आणलेले, आणि पुढचा पाऊण तास तेच बोलत होते. त्या दिवशी सात प्रती गेल्या. सात म्हणजे काय असं कोणी म्हणेल, पण त्या सातांपैकी एकीने तिच्या भिशीच्या ग्रुपवर फोटो टाकला आणि महिनाभर मला फोन येत होते.

जिल्ह्याचा ग्रंथोत्सव असतो तिथे एखाद्या विक्रेत्याच्या टेबलावर जागा मागा. ग्रंथालय संचालनालयाकडे शासनमान्य यादीसाठी पुस्तक पाठवा, यादीत आलं तर वाचनालयांना घ्यायला सोपं जातं. दिवाळी अंकांना कथा पाठवत राहा, १९०९ ला 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक निघाला तेव्हापासून आपला वाचक नवा लेखक तिथेच गाठतो. आणि १९५४ च्या कायद्याने प्रत्येक पुस्तकाची एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला पाठवायची असते, तशीच मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांनाही, ते चुकवू नका. त्याने खप वाढत नाही, पण आपलं पुस्तक तिथे कपाटात आहे हे आठवलं की मला फार बरं वाटतं.

रील वगैरे करायचे तर करा, पण सकाळचा पहिला तास त्यांना देऊ नका. मी पहाटे पाच ते सव्वासहा लिहिते, तेव्हा फोन स्वयंपाकघरात असतो. प्रमोशन दुपारी, शाळेतून आल्यावर, घड्याळ लावून चाळीस मिनिटं.

मी सध्या बंगळुरात असतो, छापील प्रती मिळत नाहीत. ई-बुक आणि ऑडिओ का नाही काढत?

ई-बुक काढलंय. किंडलवर मराठी पुस्तकं २०१६ च्या शेवटापासून आहेत आणि फाइल युनिकोडमध्ये असली की स्वतः चढवता येते. फक्त किंडलच्या सिलेक्ट योजनेत टाकलं तर ९० दिवस ते ई-बुक दुसरीकडे कुठेच ठेवता येत नाही, म्हणून मी त्यात गेले नाही. ऑडिओचं काम चालू आहे, त्याचं पुढच्या प्रश्नात येतंयच.

तुम्ही कारागिरांच्या मुलाखती रेकॉर्ड करता, नकाशे काढता, मुलांच्या कार्यशाळा घेता. या सगळ्यात कादंबरी मागे पडत नाही का? (रत्नागिरी)

पडते. दुसरी कादंबरी यामुळेच आठ महिने उशिरा झाली, ते मान्य करते. पण तो वेळ फुकट गेला असं मला खरंच वाटत नाही.

मिरजेत सतारमेकर गल्लीत हे काम जवळजवळ पावणेदोनशे वर्षं चाललंय, २०२४ ला इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय, म्हणजे त्या जागेची खास ओळख सांगणारं मानांकन मिळालं. मी तिथे रेकॉर्डर घेऊन गेले ती फक्त कादंबरीत चुका होऊ नयेत म्हणून. एक चाचा जवारी लावत होते, म्हणजे घोडीचा, ज्या पट्टीवरून तारा जातात तिचा, वरचा भाग कानसीने अगदी थोडा थोडा घासायचा, तार लावायची, ऐकायचं, तार काढायची, परत घासायचं, मग दोरा सरकवून बघायचं, दुपारभर तेवढंच चाललं होतं आणि मला तर चौथ्या वेळेपासून फरकच कळत नव्हता. मी विचारलं झालं हे कसं कळतं, तर बोलले नाहीत, तंबोरा माझ्या मांडीवर दिला आणि छेडायला सांगितलं. तो आवाज माझ्याकडे आहे, अकरा मिनिटांचा. मागे रस्त्यावरचा भाजीवाला ओरडतोय, तोही आहे.

घरी येऊन मी माझं त्याच कामाचं प्रकरण पुन्हा वाचलं आणि त्यातली सगळी विशेषणं खोटी वाटायला लागली. ते प्रकरण नऊ पानांचं चार झालं. आता ऑडिओबुक करतेय त्यात प्रत्येक भागाच्या सुरुवातीला गल्लीतले हे खरे आवाज येणार आहेत, चाचांची परवानगी घेतलीय आणि ऑडिओच्या उत्पन्नातला त्यांचा वाटा कागदावर लिहून दिलाय. नकाशा मुलांच्या कार्यशाळेतून आला, सातवीतल्या दोघींनी गल्लीतलं एकेक दुकान मोजून काढलाय, तो नव्या आवृत्तीत पहिल्या पानावर आहे, खाली दोघींची नावं घालून.

तुम्हीही काही करत असाल, चित्रं, भाषांतर, पॉडकास्ट, तर मला कळवा. आणि रत्नागिरीचं वाचनालय शनिवारी किती वाजता बंद होतं तेही कळवा, मला तिथे वाचायला यायचंय.