जीपचं टेक्निक मॉडेल: बॉडी उतरवा, आधी चेसिस चालवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा दिसतोय: लेगो टेक्निकच्या (म्हणजे गिअर-मोटरवाल्या लेगोच्या) तुकड्यांतून महिंद्राची जुनी सीजे-३बी जीप करताय. बॉडी आधी पूर्ण केली आणि ती दिसतेही झकास. आत लेगोची मोठी एक्सएल मोटर, लगेच ८ आणि २४ दात्यांच्या गिअरांची (८-२४) जोडी, तिथून सरळ चारही चाकांना ड्राइव्ह. सपाट फरशीवर गाडी पळते, पण वळण घेत चढावर घातली की आतून गिअर कटकटतात. शिवाय पुढची चाकं वळताना मडगार्डला घासतात. गिअरबॉक्स बसवायला जागा उरलेली नाही आणि जिथे गिअर सुटतात तिथे सुपरग्लू लावू का, असं विचारलंय.

ग्लू लावू नका. दात सुटायचे थांबले तर तोच जोर पुढे जाऊन शाफ्ट पिळेल किंवा युनिव्हर्सल जॉइंट (शाफ्टला कोनातही फिरू देणारा सांधा) उकलेल. शिवाय ते तुकडे पुन्हा कधी कामाला येणार नाहीत.

मुळात तुमच्या दोन तक्रारी वेगळ्या नाहीतच. साधारण एक किलोची गाडी मोकळी असेल तर तिची चाकं ठरावीक जोरानंतर घसरतात, त्यापुढे गिअरांवर ताण वाढत नाही. पण वळताना चाक मडगार्डला अडकलं की ते घसरू शकत नाही आणि मोटरची सगळी ताकद आतल्या दातांवर येते. एक्सएल मोटर पूर्ण अडवली तर साधारण ४० न्यूटन-सेंटीमीटर पीळ देते. तुमच्या ८-२४ने त्याचे तिप्पट, म्हणजे १२० होतात. इतका पीळ घेऊन तुमचा लांब शाफ्ट आणि काटकोनातले बेव्हल गिअर उभे आहेत, तेही एकाच बाजूने धरलेले. दात एकमेकांवर चढणारच.

म्हणून बॉडी उतरवा. मन होणार नाही, कळतं मला. पण यंत्र असलेल्या गाडीचं काम चाकापासून सुरू होतं आणि पत्र्यापाशी संपतं. लेगोनेही सुरुवातीला हेच केलं होतं. १९७७चा ८५३ आणि १९८०चा ८८६० हे दोन्ही संच म्हणजे नुसत्या उघड्या चेसिस होत्या. ८८६०मध्ये डिफरन्शियल (डावं-उजवं चाक वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरांचा संच), मागचं सस्पेन्शन, तीन गिअर, हलणारे पिस्टन सगळं होतं आणि बॉडीचा एक पत्रा नव्हता. त्याच्या सूचनापुस्तिकेची पानं कुठे मिळाली तर डोळ्यांखालून घाला. आज तुकडे बदलले, पण रचनेचा विचार तोच आहे.

आता माप. टायर ठरला की गाडीचं माप ठरतं, उलटं करू नका. खऱ्या जीपचा ६.००-१६ टायर बाहेरून साधारण २८ इंच, म्हणजे ७११ मिलिमीटर. तुमच्याकडचा लेगोचा टायर ६२.४ मिलिमीटरचा. भागाकार केला की १:११.४ हे प्रमाण येतं. सीजे-३बीचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) ८० इंच, म्हणजे २०३२ मिलिमीटर. तो झाला १७८ मिलिमीटर. लेगोचं मोजायचं एकक म्हणजे स्टड, एक स्टड ८ मिलिमीटरचा, म्हणजे २२ स्टड. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर खऱ्या गाडीत ४९ इंचांच्या आसपास आहे, ते येतं साडेतेरा स्टडच्या जवळ. तुमच्या फोटोत व्हीलबेस २६ स्टड दिसतोय. म्हणूनच ती जीप कुठेतरी लांबुडकी वाटते आणि नेमकं काय खटकतंय ते सापडत नाही.

सीजे-३बी निवडलीत हे एका कारणाने फार बरं केलंत. १९५३मध्ये विलिसने, म्हणजे जीपच्या मूळ अमेरिकी कंपनीने, या गाडीत नवं, उंच हरिकेन इंजिन बसवलं आणि ते मावावं म्हणून बॉनेट उंच केलं. तेच बॉनेट आपल्याकडे महिंद्राच्या जीपवर वर्षानुवर्षं दिसलं. मॉडेलमध्ये ती उंची आपल्याला फुकटात मिळते. आधीच्या विलिस एमबीच्या बॉनेटखाली पिस्टनवालं इंजिन कोंबताना घाम फुटतो, इथे ते सुखाने बसतं.

इंजिन लावताना क्रँककडे लक्ष द्या. एका रांगेतल्या चार सिलिंडरांत पहिला आणि चौथा पिस्टन एकत्र वर जातात, तेव्हा दुसरा-तिसरा खाली असतात. बरेच जण चारही क्रँक ९०-९० अंशांनी फिरवून लावतात. बघायला लाट छान दिसते, पण ते जीपचं इंजिन नव्हे.

आता पुढचा-मागचा अ‍ॅक्सल, सगळ्यात जास्त वेळ द्यायची जागा हीच. डिफरन्शियल ५×७च्या चौकटीत बसवा. २८ दात्यांच्या डिफरन्शियलला पिनियन (त्याला फिरवणारा छोटा गिअर) १२ दात्यांचा लावा, २०चा नको. १२ने २.३३ पट घट मिळते, २०ने फक्त १.४. घट जितकी चाकाजवळ कराल, तितका मधल्या प्रोपेलर शाफ्टवरचा (गिअरबॉक्सची ताकद चाकांकडे नेणाऱ्या शाफ्टवरचा) भार हलका राहील. तोच जोर चाकाला मिळेल, पण मधल्या युनिव्हर्सलवर ताण जवळपास चाळीस टक्क्यांनी उतरेल. पिनियनच्या शाफ्टला पुढून आणि मागून दोन्हीकडे आधार द्या. बेव्हल गिअर सुटतात ते दात झिजले म्हणून नाही, त्यांना धरणारी चौकट फाकते म्हणून.

विलिसच्या मूळ रचनेत डिफरन्शियल मधोमध नसतं, गाडीच्या उजव्या अंगाला सरकलेलं असतं. कारण ट्रान्सफर केसमधून (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरांच्या पेटीतून) पुढे येणारा शाफ्ट इंजिनच्या बाजूने काढावा लागतो. मॉडेलमध्येही तसंच करा. नुसतं खऱ्यासारखं दिसतं म्हणून नाही, तर इंजिनाखालून शाफ्ट न्यायची तुमची जी अडचण आहे ती यानेच सुटते.

मधे तिसरं डिफरन्शियल घालू नका. जीपला ते नव्हतं. पुढच्या चाकांची ड्राइव्ह हवी तेव्हा जोडायची आणि नको तेव्हा सोडायची, एवढंच होतं. एका ड्रायव्हिंग रिंगने, म्हणजे शाफ्टवर सरकून गिअर जोडणाऱ्या-सोडणाऱ्या कडीने, ते होतं. फरशीवर फोर-बाय-फोर लावून वळलात तर गाडी अडखळेल. खऱ्या जीपनेही डांबरी रस्त्यावर हेच केलं असतं.

खऱ्या जीपमध्ये अ‍ॅक्सल जागेवर धरून ठेवायचं काम स्प्रिंगचे पाटे करतात. आपल्याकडे पाटे नाहीत, शॉक अ‍ॅब्सॉर्बर आहेत, आणि ते फक्त वजन पेलतात, अ‍ॅक्सलला धरत नाहीत. त्यामुळे दुवे घालावेच लागतात: खाली दोन, चेसिसला समांतर, वर दोन, मध्यभागी एकमेकांकडे झुकलेले. वरचे झुकलेले दुवे अ‍ॅक्सल डावी-उजवीकडे सरकू देत नाहीत. चारही दुव्यांच्या टोकांना बॉल जॉइंट. मग मागे पिवळ्या स्प्रिंगचे कडक शॉक आणि पुढे करड्या स्प्रिंगचे मऊ. अ‍ॅक्सल वर-खाली होताना प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलते, म्हणून एका टोकाला शाफ्ट जोडणीत दोन-तीन मिलिमीटर सरकायला मोकळा ठेवा. आणि त्याच्या दोन्ही टोकांच्या युनिव्हर्सलचे चिमटे एकाच पातळीत असू द्या. ते ९० अंशांनी फिरलेले असले तर प्रत्येक फेरीत गाडी धक्के देत चालते आणि दोष मोटरला दिला जातो.

स्टिअरिंग. पुढच्या चाकाचा युनिव्हर्सल बरोबर किंगपिनच्या (चाक ज्या खिळीभोवती वळतं तिच्या) रेषेत यायला हवा. अर्धा स्टडही इकडे-तिकडे झाला तर चाक वळवल्यावर ड्राइव्ह जाम होते. किंगपिन चाकाच्या जितकं आत, तितकं चाक मोठ्या गोलात फिरतं आणि मडगार्डला लागतं. खोल वाटीची रिम वापरून किंगपिन चाकाच्या पोटात शिरवा, घासणं बरंचसं तिथेच थांबेल.

आता आकरमनची भूमिती, म्हणजे वळताना आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळणं. हे पेटंट १८१८चं, अजून बहुतेक गाड्यांत याच कल्पनेवर स्टिअरिंग आहे. समजा तुमचे दोन किंगपिन एकमेकांपासून १० स्टडवर आहेत आणि व्हीलबेस २२ आहे. किंगपिनपासून मागे जाणारा स्टिअरिंगचा आर्म अशा तिरक्या रेषेत हवा, की ती रेषा वाढवली तर मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्यावर पोहोचेल. आर्म २ स्टड लांब असेल तर त्याचं टोक २ × ५ ÷ २२, म्हणजे जवळपास अर्धा स्टड आत यायला हवं. दोन्ही बाजूंचा मिळून एक स्टड. म्हणजे टायरॉड (दोन्ही आर्म जोडणारी दांडी) १० ऐवजी ९ स्टडचा. एवढंच करायचं आहे. टायरॉड अ‍ॅक्सलच्या पुढे लावणार असाल तर उलट, ११चा लागेल. हा एक स्टड बदलून गाडी हाताने गोल फिरवून बघा, पुढची चाकं फरशीवर घासल्याचा आवाज येतो तो बंद झालेला कळेल.

गिअरबॉक्सवर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण इथे जीप आणि लेगो यांचं गणित विलक्षण जुळतं. सीजे-३बीच्या तीन गिअरांची प्रमाणं साधारण २.८, १.५५ आणि १ अशी आहेत. लेगोच्या गिअरांत दोन गिअरांचे दात मिळवले की शाफ्टमधलं अंतर निघतं: दातांच्या बेरजेच्या निम्मे मिलिमीटर. ८+२४, १२+२० आणि १६+१६ या तिन्ही जोड्या ३२ दातांच्या, म्हणून तिन्हींना १६ मिलिमीटर, म्हणजे नेमके २ स्टड लागतात.

चार शाफ्ट एका चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर घ्या, चौकोनाची बाजू २ स्टड. खाली डावीकडे मोटरकडून येणारा शाफ्ट, त्याच्या बरोबर वर चाकांकडे जाणारा. खाली उजवीकडे आणि वर उजवीकडे दोन मधले. तिसरा गिअर: येणाऱ्या शाफ्टवरचे १६ दाते जाणाऱ्या शाफ्टवरच्या १६च्या क्लच गिअरला (शाफ्टवर मोकळं फिरणारं, ड्रायव्हिंग रिंग लागली की जोडलं जाणारं गिअर), प्रमाण १. दुसरा: १२ दाते २०च्या क्लच गिअरला, १.६७. पहिल्यासाठी चौकोनाला लांबून वळसा घाला: येणाऱ्यावरच्या १२ने खालच्या उजव्या शाफ्टवरचे २० फिरवा, तिथून १६ने वरच्या उजव्याचे १६, आणि त्याच्या १२ने जाणाऱ्या शाफ्टवरचं दुसरं २०चं क्लच गिअर. १.६७ दोनदा, म्हणजे २.७८. खऱ्या गाडीच्या २.८च्या इतकं जवळ! शिवाय सरळ वाटेने दिशा एकदा उलटते आणि वळशाने तीनदा, म्हणजे तिन्ही गिअरांत गाडी एकाच दिशेला जाते.

प्रत्येक जोडी शाफ्टच्या लांबीवर वेगवेगळ्या जागी ठेवा म्हणजे मोठी चाकं एकमेकांत अडकणार नाहीत. बुश (शाफ्टवर गिअर जागेवर धरणाऱ्या कड्या) दाबून बसवू नका, कागद सरकेल एवढी फट हवी. बॉक्स तयार झाला की मोटर न लावता येणारा शाफ्ट चिमटीत धरून फिरवा. कुठेही जड लागला तर तिथेच थांबा आणि कारण शोधा, मोटर लावून जोर करू नका.

गिअरांचा क्रम बरोबर आहे की नाही हे ओळखायची सोपी खूण आहे. मोटर काढा, इंजिन जोडलेलं ठेवा आणि गाडी एकाच वेगाने हाताने ढकला. पहिल्यात पिस्टन सर्वांत जलद आणि गाडी ढकलायला जड, तिसऱ्यात पिस्टन संथ. उलटं झालं तर ड्राइव्ह बॉक्सच्या चुकीच्या बाजूने आत शिरतेय.

मोटर मी तुमच्या जागी एल, म्हणजे लेगोचीच लहान मोटर, घेईन, एक्सएल नको, आणि ८-२४ काढून टाकेन. एल मोकळी साधारण ३९० फेरे मिनिटाला फिरते. तिसऱ्या गिअरमध्ये डिफरन्शियलच्या २.३३ने भागलं तर चाकाचे १६७ फेरे, म्हणजे सेकंदाला अर्ध्या मीटरहून थोडं जास्त. पहिल्यात वीस सेंटीमीटर. वजनाखाली दोन्ही आकडे थोडे उतरतील. एक किलोची गाडी ३० अंशांच्या चढावर न्यायला चाकांवर सुमारे १५ न्यूटन-सेंटीमीटर पीळ लागतो. पहिल्या गिअरमध्ये मोटरच्या वाट्याला त्यातले अडीचच्या आसपास येतात, घर्षणाचे वेगळे. एल ते आरामात पेलते. तिसऱ्यात तोच चढ चढायला गेलात तर ती गुदमरेल, आणि तुम्हाला हात लांब करून गिअर खाली घ्यावा लागेल. ते झालं की माझ्या मते तुमची जीप खरी झाली.

शेवटी बॉडी. ती चार पिनांवर उचलून ठेवता येईल अशी करा, म्हणजे आतला एखादा बुश सरकला तर सगळं मोडावं लागणार नाही. तुमची ग्रिल आणि काच सुंदर आहेत, त्या तशाच राहू द्या, फक्त मडगार्ड एक स्टड वर घ्या.

तुकड्यांच्या यादीत तुम्ही २०चं क्लच गिअर लिहिलेलं नाही, फक्त १६ची दोन आहेत. तेवढ्यावरही काम भागेल. चौकोन तोच, जाणाऱ्या शाफ्टवर दोन्ही क्लच गिअर १६ची: एक सरळ वाटेने १६-१६, दुसरं वळशाने. फक्त वळशाची पहिली जोडी १२-२० ऐवजी ८-२४ घ्या आणि शेवटची १६-१६. पहिला गिअर ३ आणि वरचा १ मिळेल, मधला तूर्त राहून जाईल. २०ची दोन क्लच गिअर हाती आली की चौकट न मोडता मधलाही बसवता येईल, त्यासाठी शाफ्टवर तीन स्टड रिकामे सोडून ठेवा.