दलाली शून्य, खर्च किती?

प्रश्न : मी भोसरीतील एका कारखान्यात नोकरी करतो. मुलगी नववीत आहे. पुढे तिला परदेशात शिकायचे झाल्यास काही रक्कम डॉलरमध्ये असावी, म्हणून दरमहा २५,००० रुपये अमेरिकी निर्देशांकावर आधारलेल्या ईटीएफमध्ये (शेअरसारखा बाजारात घेता-विकता येणारा फंड) गुंतवण्याचा विचार आहे. दोन ऑनलाइन ब्रोकर पाहून ठेवले आहेत. एक दलाली अजिबात घेत नाही, दुसरा प्रत्येक खरेदीवर पाव टक्का घेतो. मला पहिला स्वस्त वाटतो. पत्नी म्हणते, फुकट कोणी काही देत नाही. आपले मत काय?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : पत्नींचा संशय रास्त आहे. मात्र आपण दोघेही खर्चाच्या सर्वांत लहान आकड्याकडे पाहत आहात. वर्षाला ३ लाख रुपयांवर पाव टक्का म्हणजे ७५० रुपये, आणि दोन ब्रोकरांमधला सगळा वाद एवढ्याचाच आहे. खरा खर्च रुपया आपल्या बँकेतून निघून डॉलर होऊन ब्रोकरकडे पोहोचेपर्यंतच्या वाटेवर होतो, आणि जाहिरातीत त्याचा उल्लेख नसतो.

हिशेब मांडून पाहू. समजा, आपली बँक परदेशी रक्कम पाठवण्याचे १,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, असे ११८० रुपये घेते आणि बाजारातील दरापेक्षा दीड टक्का महाग डॉलर देते. २५,००० रुपयांवर हा दरातला फरक ३७५ रुपये होतो. चलन बदलून देण्याच्या सेवेवर वेगळा जीएसटी असतो. तो १ लाखापर्यंतच्या रकमेच्या १ टक्क्यावर, पण किमान २५० रुपयांवर आकारतात, म्हणजे येथे ४५ रुपये. एकूण १,६०० रुपये झाले, गुंतवणुकीच्या ६.४ टक्के, आणि एवढे दर महिन्याला. वर्षाचे १९,२०० रुपये. तीच रक्कम वर्षातून दोनदा, दीड-दीड लाख करून पाठवली तर प्रत्येक वेळी ११८० अधिक २,२५० अधिक जीएसटीचे २२५, असे ३,६५५ रुपये लागतील, वर्षाचे ७,३१०. दलालीचे ७५० वाचवण्याच्या नादात जवळजवळ १२,००० रुपये दुसऱ्या दाराने निघून जात होते.

‘पण दरमहा गुंतवणुकीची शिस्त?’ असे आपण विचाराल. ती मोडण्याचे कारण नाही. रक्कम सहामाही पाठवावी आणि ब्रोकरच्या खात्यात पडलेल्या डॉलरमधून दरमहा खरेदी करावी. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार न गुंतवलेली रक्कम १८० दिवसांच्या आत परत आणावी लागते, तेव्हा सहावा हप्ता पाचव्या महिन्याच्या शेवटीच संपवलेला बरा.

बँकेचा दर ठरलेला असतो, असेही समजू नये. मंडईत कोथिंबिरीच्या जुडीवरून घासाघीस करणारे आपण पुणेकर परकीय चलनाच्या खिडकीशी मात्र सांगेल तो दर मान्य करून सही करतो. दीड टक्क्याचा फरक अर्ध्यावर आला तरी वर्षाला २,२५० रुपये वाचतात, म्हणजे त्या पाव टक्का दलालीची तीन वर्षे. माझ्या पहिल्या रकमेच्या वेळी लक्ष्मी रस्त्यावरच्या एका शाखेत मी परदेशी रक्कम पाठवण्याचा ए-२ अर्ज भरून दिला, दराची चौकशी केली नाही, आणि ब्रोकरकडे रक्कम १५ डॉलरने कमी पोहोचली. मधल्या एका बँकेने आपले शुल्क परस्पर कापले होते. हे शुल्क कोणी भरायचे याची एक चौकट अर्जात होती. ती मी वाचलीच नव्हती. तेव्हा आपण अर्जावर ही चौकट आणि रक्कम पाठवण्याचे कारण, म्हणजे परदेशी शेअरमधील गुंतवणूक, दोन्ही नीट पाहून घ्यावीत.

आता ब्रोकरविषयी. आपण ज्याला ब्रोकर म्हणता ते बहुधा भारतीय अ‍ॅप असेल. शेअर प्रत्यक्षात अमेरिकेतील एखाद्या ब्रोकर संस्थेकडे राहतात. त्या संस्थेचे नाव करारात शोधावे आणि ‘फिन्रा’ या तेथील नियामक संस्थेच्या ‘ब्रोकरचेक’ संकेतस्थळावर ती नोंदणीकृत आहे का, तिच्यावर कारवाई झाली आहे का, हे पाहावे. ती ‘एसआयपीसी’ या ब्रोकर बुडाल्यास गुंतवणूकदारांना संरक्षण देणाऱ्या अमेरिकी संस्थेची सदस्य असल्यास संस्था बुडाल्यावर ५ लाख डॉलरपर्यंत संरक्षण असते, त्यात रोख रकमेसाठी अडीच लाख. बाजार पडून झालेल्या तोट्याशी या संरक्षणाचा संबंध नाही. चलनाच्या सट्ट्याची अ‍ॅपही स्वतःला ब्रोकर म्हणवतात. रिझर्व्ह बँक अशा अनधिकृत मंचांची इशारा यादी प्रसिद्ध करते. शिवाय उधारीवर, म्हणजे मार्जिनवर, परदेशात व्यवहार करण्यासाठी भारतातून रक्कम पाठवता येत नाही. खाते उघडताना मार्जिनचा पर्याय समोर आला तर तो नाकारून केवळ रोखीचे खाते घ्यावे.

दोन्ही ब्रोकरांना मी पुढचे प्रश्न लेखी विचारले असते. पैसे परत भारतात आणण्याचे शुल्क किती? खाते दुसऱ्या ब्रोकरकडे नेता येते का? शेअरचे अपूर्णांक, म्हणजे अर्धा-पाव शेअर, सहसा हलवता येत नाहीत, विकावे लागतात आणि त्या विक्रीवर कर लागतो. दरमहा ठरावीक रकमेची खरेदी करणाऱ्याकडे अपूर्णांकच जास्त साठतात. तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो : ३१ डिसेंबरला संपणाऱ्या वर्षाचे, वर्षातील सर्वोच्च मूल्य, अखेरचे मूल्य आणि लाभांश दाखवणारे पत्रक मिळते का? परदेशी शेअर असतील तर आपल्याला ‘आयटीआर-१’ भरता येत नाही, आणि विवरणपत्रातील ‘शेड्यूल एफए’ या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात नेमकी हीच माहिती आर्थिक वर्षाची नव्हे, तर कॅलेंडर वर्षाची, स्टेट बँकेच्या खरेदी दराने रुपयांत मांडून द्यावी लागते. ही माहिती दडवल्यास काळा पैसा कायद्याखाली १० लाख रुपये दंड होऊ शकतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर वगळता एकूण २० लाखांपर्यंतच्या मालमत्तेला त्या दंडातून सूट आहे. माहिती देण्यातून नाही. ज्याचे पत्रक अपुरे, त्याच्याकडे वाचवलेली दलाली जुलैत सीएच्या बिलात जाते.

करांविषयी थोडक्यात. प्रत्येक व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर पाठवता येतात. १ एप्रिल २०२५ पासून १० लाख रुपयांवरील रकमेवर गुंतवणुकीसाठी २० टक्के टीसीएस, म्हणजे बँकेने आधीच वसूल केलेला कर, कापतात. आपल्याला आज तो लागणार नाही, पण १० लाखांची ही मर्यादा सर्व बँका आणि सर्व कारणे मिळून मोजतात, हे मुलीचे शुल्क भरायच्या वर्षी ध्यानात ठेवावे. लाभांशावर अमेरिकेत २५ टक्के कापले जातात, हा दर मिळण्यासाठी आपण अमेरिकेबाहेरचे असल्याचे सांगणारा ‘डब्ल्यू-८बेन’ अर्ज भरलेला हवा. तो कर भारतातील करातून वजा मागता येतो. २४ महिन्यांहून अधिक ठेवलेल्या शेअरच्या नफ्यावर भारतात १२.५ टक्के, त्याआधी विकल्यास आपल्या उत्पन्नाच्या टप्प्यानुसार कर.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण जाहिरातींत ती सापडत नाही. अमेरिकेत नोंदलेले शेअर आणि ईटीएफ ६०,००० डॉलरच्या वर गेले आणि गुंतवणूकदाराचे निधन झाले, तर वरच्या भागावर ४० टक्क्यांपर्यंत अमेरिकी वारसा कर लागू शकतो, आणि याबाबत भारताचा अमेरिकेशी करार नाही. आयर्लंडमध्ये नोंदलेल्या ईटीएफना हा कर लागत नाही, निर्देशांक तोच असला तरी. ते लंडनच्या बाजारात मिळतात, आणि तेथे खरेदीची सोय सगळे ब्रोकर देत नाहीत. आपली रक्कम तिथवर जायला अवकाश आहे. तरी दोहोंपैकी एकाकडे ही सोय असेल तर, इतर उत्तरे समाधानकारक असल्यास, मी पाव टक्का देऊनही त्यालाच निवडेन.

प्रश्न : मुलगा न्यू जर्सीत आहे. माझी रक्कम त्याच्याच ब्रोकर खात्यात गुंतवली तर हा सगळा खर्च टळेल का?
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : बँकेचा खर्च टळत नाही, कारण रुपयाचे डॉलर तेवढ्याच दराने होतात. त्याला रक्कम भेट म्हणून पाठवणे नियमात बसते. पण मग पैसे आणि त्यावरचा कर दोन्ही त्याचे, आणि आपल्याला ते हवे असतील तेव्हा त्याच्याकडे मागावे लागतील. भेट आपली, खाते त्याचे आणि शेअर मात्र माझेच, ही तोंडी व्यवस्था करू नये. आपल्याच पॅनवर, आपल्याच नावाने खाते उघडावे. मुलाने ते चालवायला मदत करावी.