तो चिनार गाळू नकोस

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

ग्रीकांनी तुर्कांविरुद्ध लढलेल्या स्वातंत्र्ययुद्धातला सेनापती कोलोकोत्रोनिस, त्याच्यावरचा तुझा लेख दोनदा वाचला. पहिल्यांदा खुर्चीत रेलून, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. पहिल्या वेळी मजा आली. दुसऱ्या वेळी पेन्सिल बरीच झिजली, तेव्हा मनाची तयारी करून पुढे वाच.

आधी सोपं काम. ‘ग्रीसचे शिवाजी’ हे उपशीर्षक काढून टाक. वाचकाला ओळखीचा धागा मिळावा म्हणून तू ते घातलंस, हे कळतं मला. पण त्या दोन शब्दांनी वाचकाला वाटतं की हा माणूस आपल्याला माहीतच आहे, आणि तो पुढचं निम्मं वाचतो. डोंगर, खिंडी, गनिमी कावा एवढं साम्य तर जगातल्या कितीतरी लढवय्यांत सापडेल. थिओडोरोस कोलोकोत्रोनिसला मोरियाच्या, म्हणजे ग्रीसच्या दक्षिणेकडच्या पेलोपोनीज द्वीपकल्पाच्या, मातीतच उभा कर.

आता तुझं पहिलं वाक्य. ‘लहानपणापासूनच त्यांना स्वातंत्र्याचं बाळकडू मिळालं होतं.’ हे वाक्य कुणाच्याही चरित्राला चिकटवता येतं, म्हणून ते कुणाचंच नाही. त्याने स्वतः आठवणी सांगताना सुरुवात कशी केली, बघ: ईस्टरच्या सोमवारी, ३ एप्रिल १७७० रोजी, रामावुनी नावाच्या डोंगरावर, एका झाडाखाली आपला जन्म झाला. झाडाखाली का? कारण त्या वर्षी रशियाच्या चिथावणीने मोरियात उठाव झाला होता आणि घरची मंडळी डोंगर धरून होती. एवढ्यात सगळं आलं. बाळकडू हवंय कशाला?

पुढे तू त्याला ‘तरुण स्वातंत्र्यसैनिक’ म्हटलंस. इथे मी पानाच्या कडेला मोठं प्रश्नचिन्ह काढलंय. बाप मारला गेला तेव्हा तो दहा वर्षांचा होता. मोठेपणी तो क्लेफ्त झाला. या शब्दाचा सरळ अर्थ चोर. डोंगरात राहून मेंढरं पळवणारा, तुर्कांना लुटणारा आणि प्रसंगी गावच्या ग्रीक धनिकालाही न सोडणारा. मधल्या काळात त्याच धनिकांनी पगारावर ठेवलेला हत्यारी राखणदारही तो होता. आज लुटारू, उद्या लुटारूंपासून राखण करणारा. त्या मुलखात यात कुणाला विसंगती वाटत नसे. १८०६ साली सुलतानाची फौज या टोळ्यांच्या मागे लागली, आणि खुद्द ग्रीक चर्चने त्यांना बहिष्कृत केलं. ज्याला तू धर्मरक्षक म्हणतोस त्याच्यावर त्याच्याच धर्मपीठाचा शाप होता! हे वाक्य तुझ्या लेखात हवंच.

मग तो झाकिंथोस बेटावर पळाला. तू ही पंधरा वर्षं एका ओळीत उरकलीस, ‘काही काळ अज्ञातवासात काढल्यानंतर’. अज्ञातवास कसला? बेट इंग्रजांच्या ताब्यात आल्यावर तो त्यांच्या ग्रीक पलटणीत भरती झाला आणि मेजरच्या हुद्द्यापर्यंत चढला. चित्रांतून आणि पुतळ्यांतून त्याच्या डोक्यावर दिसणारं तुऱ्याचं शिरस्त्राण त्याच नोकरीची खूण. डोंगरातल्या टोळीवाल्याने कवायत, रसद आणि हुकमाची साखळी पाहिली ती इथे. फ्रेंच राज्यक्रांतीने आणि नेपोलियनने जगाचे डोळे उघडले, त्याआधी लोक राजांना पृथ्वीवरचे देव मानत, असं तो पुढे म्हणाला. तेही याच बेटावरच्या वर्षांचं देणं असावं, असं मला वाटतं. या भागाला निदान एक पान दे.

१८२१ च्या जानेवारीत तो मोरियाच्या दक्षिण टोकाला, मानी भागात उतरला, मार्चमध्ये कालामाता शहर पडलं, इथवर तुझं बरोबर आहे. पण नंतर तू थेट वाल्तेत्सी गावच्या विजयावर उडी मारलीस. मधला एक प्रसंग राहिला. सुरुवातीच्या दिवसांत तुर्क घोडेस्वार येताहेत अशी बातमी आली आणि त्याने जमवलेली माणसं पांगली. सोबतचे सरदारही निघून गेले. क्रिसोवित्सीला तो एकटा राहिला, तो आणि त्याचा घोडा. तिथल्या मरियमेच्या छोट्या देवळात जाऊन रडला. मग उठला, आणि पुन्हा माणसं गोळा करायला लागला. पन्नाशी उलटलेला माणूस, लक्षात घे. मे महिन्यात वाल्तेत्सीला जी फौज दगडी आडोशांमागे टिकून राहिली, ती अशी पळपुट्यांतूनच घडली होती. हा प्रसंग त्याने स्वतः सांगितलाय. लपवायचा असता तर त्याला कोण विचारणार होतं?

आता मुख्य गोष्टीकडे येतो. पत्र लिहायला बसलो ते यासाठीच.

तू लिहिलंस: ‘प्रदीर्घ वेढ्यानंतर त्रिपोलित्सा जिंकण्यात आले आणि मोरियाची राजधानी मुक्त झाली.’ पूर्णविराम. पुढचा परिच्छेद तुर्क सेनापती द्रामाली पाशाचा.

त्या पूर्णविरामात तीन दिवस गेले आहेत. शहर २३ सप्टेंबर १८२१ ला पडलं. वेढ्यापायी आत हजारो माणसं कोंडली होती: शिपाई, आसपासच्या गावांतून आसऱ्याला आलेली मुसलमान कुटुंबं, शहरातले ज्यू. शुक्रवार ते रविवार कत्तल चालली. बायका, मुलं, म्हातारे कुणी सुटलं नाही. कोलोकोत्रोनिस स्वतः सांगतो की तटापासून वाड्यापर्यंत त्याच्या घोड्याचा पाय जमिनीला लागला नाही. मेलेल्यांचा आकडा तो ३२,००० देतो. इतिहासकारांना तो फुगलेला वाटतो, पण कितीही कमी धरला तरी हजारोंच्या खाली येत नाही.

त्याच वेढ्यात त्याने आतल्या अल्बेनियन शिबंदीशी वेगळा करार केला होता: तुम्ही बाहेर पडा, वाटेत केसाला धक्का लागणार नाही. तो शब्द त्याने पाळला. म्हणजे त्याच्या शब्दाला वजन होतं आणि माणसं आवरणंही त्याला जमत होतं. मग बाकीच्यांसाठी का नाही आवरली? आवरता आली नाहीत की आवरायची नव्हती? मला यावर पक्कं मत देता येत नाही. तूही देऊ नकोस. पण प्रश्न वाचकासमोर ठेव.

आणि लगेच पुढची गोष्ट वाच. शहरात शिरल्यावर लोकांनी त्याला बाजारातला चिनार दाखवला. त्या झाडाला ग्रीकांना फाशी देत. त्याने सुस्कारा टाकला, माझ्या घराण्यातले आणि माझ्या लोकांतले किती जण इथे लटकले असतील असं म्हणाला, आणि झाड तोडायला लावलं. त्याच्या आठवणींत कत्तल आणि चिनार शेजारी शेजारी आहेत, मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही. चिनारामुळे कत्तल माफ होत नाही, आणि कत्तलीमुळे चिनार खोटा ठरत नाही. तू दोन्ही गाळलंस. कत्तल गाळलीस ती त्याच्या प्रेमापोटी, पण त्याच्याबरोबर चिनारही गेला, आणि मग तुझ्या नायकाकडे ना राग उरला ना दुःख. नुसता विजय उरला.

तुझ्या वयाचा असताना मीही हेच केलं होतं. आमच्या भागातल्या एका जुन्या सरदारावर लेख लिहिला आणि त्याने जाळलेल्या गावाची हकीकत सोडून दिली. लेखाचं कौतुक झालं. मग एक म्हातारे गृहस्थ भेटायला आले, त्याच गावचे. फार काही बोलले नाहीत. ‘आमचं गाव नाही आलं त्यात,’ एवढंच म्हणाले आणि चहा न घेता गेले.

द्रामालीचा भाग तू छान लिहिलास, त्याला हात लावत नाही. फक्त क्रम नीट कर. आधी अर्गोसच्या मैदानातली पिकं जाळली. अर्गोसच्या किल्ल्यात मूठभर लोकांनी पाशाला अडकवून ठेवलं. दाणापाणी संपलं म्हणून तो कोरिंथकडे मागे फिरला. आणि मग देर्वेनाकियाच्या खिंडीत, २६ जुलै १८२२ ला, त्याला गाठलं. लढाई खिंडीत झाली, पण तिचा निकाल आधी जळालेल्या शेतांत लागला होता. ती शेतं ग्रीक शेतकऱ्यांचीच होती, हेही एका ओळीत येऊ दे.

यादवीला तू ‘दुर्दैवी मतभेद’ म्हणतोस. मतभेद नाही रे, सरळ युद्ध होतं ते, एक सोडून दोन. एकीकडे मोरियाचे सरदार, दुसरीकडे लंडनहून आलेल्या कर्जाच्या पैशावर फौज पोसणारं सरकार. १८२४ च्या नोव्हेंबरात त्याचा थोरला मुलगा पानोस मारला गेला, तोही तुर्कांच्या हातून नव्हे. बाप त्यानंतर खचलाच. शरण आला, आणि हिद्रा बेटावरच्या एका मठात त्याला कोंडलं. तेवढ्यात सुलतानाच्या बाजूने इजिप्तचा इब्राहिम पाशा मोरियात उतरला, आणि मे १८२५ मध्ये त्याच सरकारला त्यालाच कैदेतून मुक्त करून सेनापती करावं लागलं.

सुटून नाफ्प्लिओ बंदरात आल्यावरचं त्याचं भाषण मिळव. मागचं कडू मी येताना समुद्रात टाकून आलो, तुम्हीही टाका, असं तो म्हणाला. गावात लोक पुरलेल्या धनासाठी खड्डे खणत होते ते त्याने वाटेत पाहिलं होतं. त्याच खड्ड्यांत तुमची वैरं पुरा, म्हणजे धन सापडेल, असंही म्हणाला. सहा महिन्यांपूर्वी मुलगा गमावलेल्या माणसाचं हे बोलणं आहे. पण इथेही भाळून थांबू नकोस. इब्राहिमला शरण जाणाऱ्या गावांसाठी त्याच माणसाने ‘आग आणि कुऱ्हाड’ पुकारली होती, आणि तीही आपल्याच लोकांवर.

नवारिनोची आरमारी लढाई, स्वतंत्र ग्रीसचा पहिला राज्यप्रमुख कापोदिस्त्रियास, बव्हेरियाहून आणलेला अल्पवयीन राजा ओथोन हे सगळं दोन परिच्छेदांत आटप. पण १८३४ चा खटला आटपू नकोस. राजाच्या नावाने कारभार करणाऱ्या मंडळाने त्याच्यावर राजद्रोह ठेवला. न्यायाधीश पाच. तिघांनी फाशी लिहिली. अध्यक्ष पोलिझोइदिस आणि तेर्त्सेतिस यांनी सही करायला नकार दिला. शिपायांनी संगिनी रोखून त्यांना आसनांवर आणून बसवलं, तरी सही केली नाही. पुढे त्या दोघांवरच खटला झाला. कोलोकोत्रोनिसची फाशी वीस वर्षांच्या कैदेवर आली आणि पुढच्या वर्षी, राजा सज्ञान झाल्यावर, माफी मिळाली.

आणि त्याच्या ज्या आठवणींवर तुझा सगळा लेख उभा आहे, त्या त्याने लिहिल्या नाहीत, सांगितल्या. लिहून घेणारा कोण? हाच तेर्त्सेतिस. तुझ्या लेखात त्याचं नाव कुठेच नाही. नायकाचा आवाज ज्या हातातून आपल्यापर्यंत आला, तो हात माहीत असायला हवा. सांगणारा साठी ओलांडलेला, कैद भोगून आलेला; लिहून घेणारा त्याच्यासाठी नोकरी पणाला लावलेला. असं पुस्तक वाचताना विश्वासही ठेवायचा आणि एक डोळा उघडाही ठेवायचा.

एक किरकोळ पण छळणारी बाब. तारखा. ग्रीसमध्ये तेव्हा जुनं ज्युलियन कॅलेंडर होतं, आपल्यापेक्षा १२ दिवस मागे. तू काही तारखा जुन्या आणि काही नव्या घेतल्यास, त्यामुळे तुझ्या लेखात त्रिपोलित्सा एकदा २३ सप्टेंबरला पडतं आणि एकदा ५ ऑक्टोबरला. कुठलीही एक पद्धत धर आणि सुरुवातीला तसं सांगून टाक. मी या पत्रात जुनीच वापरली आहे.

शेवट कुठे करायचा असं तू विचारलंस. ४ फेब्रुवारी १८४३ च्या मृत्यूवर करू नकोस, पुतळ्यावर तर नाहीच. मी असतो तर १८३८ च्या ऑक्टोबरात थांबलो असतो. अथेन्सला प्निक्सच्या टेकडीवर शाळेतली पोरं जमली आहेत आणि हा म्हातारा त्यांच्यापुढे बोलतोय. आम्ही उठलो तेव्हा किती जण आहोत, हत्यारं आहेत का, काही मोजलं नाही, स्वातंत्र्याची ओढ पावसासारखी सगळ्यांवर कोसळली, असं सांगतोय. मग यादवीकडे वळतो: एक म्हणे दार पूर्वेला हवं, दुसरा म्हणे समोर, तिसरा म्हणे उत्तरेला, जणू घर बैलगाडीवर ठेवलंय आणि हवं तसं फिरवता येतं! आणि जाता जाता पोरांना दटावतो, की कॉफीच्या दुकानांत आणि बिलियर्डच्या टेबलांपाशी वेळ घालवू नका, अभ्यास करा.

हे शेवटचं तुला लागू नाही. दुसरा खर्डा झाला की नेहमीच्या टपरीवर ये, चहाचे पैसे मी देईन. पेन्सिल तू आण, माझी संपली.

तुझा,
सर