सुडो पासवर्ड मागतो म्हणून निर्धास्त राहू नकोस
म्हापशातल्या दुकानाचं लिनक्स मशीन सांभाळायला घेतलंस, बरं झालं. पण आधी अपडेट कर. सुडो म्हणजे साध्या युजरला रूटच्या, म्हणजे मशीनवरच्या सर्वाधिकारी खात्याच्या, हक्काने कमांड चालवू देणारा प्रोग्राम. २०२१च्या जानेवारीत उघड झालेली त्यातली चूक २०११पासून कोडमध्ये होती! सुडोएडिटला (सुडोचीच, फाइल बदलायची कमांड) ठरावीक पर्यायासोबत शेवटी एक उलटी तिरकी रेघ दिली की मेमरीची हद्द ओलांडली जायची, आणि सुडोअर्समध्ये, म्हणजे सुडो कुणी वापरायचा ते ठरवणाऱ्या फाइलमध्ये, नावही नसलेला साधा युजर रूट होऊ शकायचा. पुढच्याच वर्षी पीकेएक्झेक या सुडोसारख्याच प्रोग्रामचं भांडं फुटलं, ते तर २००९पासूनचं.

अपडेटनंतरही आवृत्तीचा आकडा जुना दिसला म्हणून घाबरू नकोस. डेबियन हा लिनक्सचा प्रकार बनवणारे जुन्याच आवृत्तीत दुरुस्ती घालतात, पॅकेजचा चेंजलॉग (बदलांची नोंद) बघ.

आणि सुडोअर्स फाइल विसुडोनेच उघड, ती कमांड जतन करण्याआधी चुका तपासते. मी एकदा ऐन चवथीच्या आदल्या दिवशी साध्या एडिटरने उघडली. एक स्वल्पविराम चुकला, दुपारभर रूटच्या बाहेर.