हिवाळी ऑलिम्पिकमध्ये महिनाभर बस चालवायचं तात्पुरतं काम घ्यावं का? सामने बघायला, फिरायला वेळ मिळतो का?

सामने बघायला मिळतील या आशेनं जाणार असाल तर जाऊ नका. मी 2010 साली व्हँकुव्हरच्या हिवाळी ऑलिम्पिकला बस चालवायला गेलो होतो. जवळजवळ महिना काढला आणि स्टेडियमच्या आत पाऊलही टाकलं नाही. गळ्यात ओळखपत्र होतं, पण ते पार्किंगपुरतं. वेळ मात्र मिळतो, अगदी ढिगानं मिळतो. फक्त तो कुठे आणि कधी मिळेल हे आपल्या हातात नसतं.

मी मूळचा चिपळूणचा. वडील एसटीत ड्रायव्हर होते, कुंभार्ली घाटात त्यांची हयात गेली. मी तेव्हा कॅलगरीत होतो, सकाळ-संध्याकाळ शाळेची बस आणि शनिवार-रविवार सहलींच्या मोठ्या गाड्या चालवत होतो. ऑलिम्पिकला गाड्या आणि ड्रायव्हर कमी पडत होते, म्हणून कॅनडाच्या दुसऱ्या प्रांतांतून आणि अमेरिकेतूनही माणसं गोळा करत होते. आमच्या कंपनीनं काही गाड्या भाड्यानं दिल्या, त्यांच्यासोबत आम्हीही गेलो.

कॅलगरी ते व्हँकुव्हर साधारण 970 किलोमीटर. वाटेतल्या रॉजर्स पास या डोंगरखिंडीच्या बर्फातून आम्ही ओळीनं गाड्या नेल्या आणि रात्री कॅमलूप्सला मुक्काम केला. कॅलगरीच्या हिशेबानं मी जाड जॅकेट, दोन-दोन पायमोजे, गुडघ्यापर्यंतचे बूट असा सगळा संसार घेतला होता. व्हँकुव्हरला उतरलो तर पाऊस! त्या वर्षीचा जानेवारी तिथे नोंदी ठेवायला लागल्यापासूनचा सगळ्यात उबदार जानेवारी ठरला होता. हिवाळी ऑलिम्पिकला आलोय आणि गाडीचे वायपर थांबायला तयार नाहीत, अशी आमची सुरुवात.

या पावसाचा सगळ्यात मोठा फटका बसला सायप्रस माउंटनला. स्नोबोर्ड आणि फ्रीस्टाइल स्कीइंग तिथे होतं, आणि डोंगरावर बर्फच पुरेसा नव्हता. मग मॅनिंग पार्कहून ट्रक भरभरून बर्फ आणला, हेलिकॉप्टरनं टाकला, खाली गवताच्या पेंढ्या रचून वर बर्फाचा थर दिला. उभ्यानं बघायच्या जागेखालची जमीन खचायला लागल्यावर 28,000 तिकिटं रद्द करावी लागली. माझे पहिले काही दिवस याच डोंगरावर गेले. तिथे खासगी गाड्यांना पार्किंग नव्हतं, प्रेक्षकांनी बसनंच यायचं. समुद्रसपाटीच्या जवळून निघून वळणं घेत सुमारे 900 मीटर चढायचं. खाली पाऊस, मधे धुकं, वर ओला बर्फ.

एका पहाटे मधल्या वळणावर चेन लावायचा हुकूम आला. रस्त्याच्या कडेला बस लावून मी चिखलात गुडघे टेकले. चाकावर चेन पसरायची, गाडी हातभर पुढे घ्यायची, खाली उतरून हूक अडकवायचा, पुन्हा ओढून घट्ट करायची. हातमोजे भिजून जड झाले होते, म्हणून ते काढून उघड्या बोटांनी शेवटचा हूक लावला. वर गाडीत पन्नासएक माणसं काचेला नाक लावून बघत होती, त्यातल्या एका पोरानं माझा फोटोही काढला. उतरताना पुन्हा तेच, फक्त उलट्या क्रमानं. वडील सांगायचे, ज्या गिअरनं घाट चढलास त्याच गिअरनं उतर. ऑटोमॅटिक गाडीला हा नियम तसाच्या तसा लागू होत नाही, पण रिटार्डरवर, म्हणजे ब्रेक न वापरता वेग कमी करणाऱ्या यंत्रणेवर, गाडी धरून ब्रेकला जपत उतरायचं, म्हणजे मुद्दा तोच.

14 फेब्रुवारीला याच डोंगरावर कॅनडाच्या अलेक्झांडर बिलोदोनं मोगल्समध्ये, म्हणजे बर्फाच्या उंचवट्यांवरून उतरायच्या स्कीइंगमध्ये, सुवर्ण जिंकलं. कॅनडानं स्वतःच्या भूमीवर मिळवलेलं ते पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण. त्याआधी मॉन्ट्रियल आणि कॅलगरी दोन्हीकडे यजमान असून एकही मिळालं नव्हतं. त्या क्षणी मी कुठे होतो? खालच्या पार्किंगमध्ये, डबा उघडून. धुक्यातून आधी आरडाओरडा ऐकू आला, मग रेडिओनं बातमी दिली. काय झालं असेल ते दोन्ही जोडून समजून घेतलं.

पुढे माझी बदली व्हिसलरच्या मार्गावर झाली, म्हणजे जिथे बाकीचे डोंगरावरचे सामने होते त्या गावाच्या, आणि खरं सांगायचं तर माझं फिरणं तिथे सुरू झालं. व्हँकुव्हर ते व्हिसलर साधारण सव्वाशे किलोमीटर. हॉर्सशू बे सोडलं की डाव्या हाताला समुद्र, उजव्या हाताला कडा. खेळांसाठी हा रस्ता जवळजवळ 60 कोटी डॉलर खर्चून रुंद केला होता. वर दिवसा स्क्वामिशच्या पुढे परवाना नसलेली वाहनं सोडत नव्हते, त्यामुळे एवढा सुंदर रस्ता आणि त्यावर बहुतेक आम्हीच बसवाले. शॅनन फॉल्स 335 मीटरचा, त्याला लागूनच स्टावामस चीफचा उभा काळा-करडा कातळ. पुढे स्क्वामिश नदीकाठच्या झाडांवर पांढऱ्या डोक्याचे गरुड बसलेले असायचे. हिवाळ्यात ते तिथे मासे खायला शेकड्यांनी येतात. 1994 मध्ये एका दिवसाच्या मोजणीत 3,769 गरुड मोजले होते. आम्ही गेलो तोवर हंगाम सरत आला होता, तरी एका फेरीत चार-पाच तरी दिसायचेच. प्रवाशांना दाखवायचो. मला मात्र एक सेकंद मान वळवून पुन्हा रस्त्यावर नजर. शॅनन फॉल्सवरून वीसेक वेळा गेलो असेन, पण खाली उभं राहून वर बघितलं ते पाहुणे गेल्यावर, शेवटच्या दिवशी.

व्हिसलरच्या ड्युटीचा दिवस असा: पहाटे साडेतीनला उठायचं, चारला यार्डात. पोलिसांचा कुत्रा गाडीत शिरून सीटखाली, सामानाच्या कप्प्यात हुंगून जाणार, मग दारांना सील. ते सील चुकून तुटलं की पुन्हा रांगेत मागे. मग प्रवासी भरायचे, दोन तास वर चढायचं, आणि संध्याकाळपर्यंत थांबायचं. आपल्याकडच्या मुक्कामी गाडीच्या ड्रायव्हरला हा थांबण्याचा प्रकार बरोबर कळेल. गाडी आपली, गाव परकं, आणि वेळ जाता जात नाही.

या सहा-सात तासांत मी व्हिसलर पालथं घातलं. गावात फिरायला तिकीट लागत नाही, रोज संध्याकाळी चौकात पदकं द्यायचे तेही तिथल्या तिथे. पण ड्रायव्हर फिरायला निघाला की काय बघतो? दुसऱ्याच्या गाड्या! व्हिसलरला तेव्हा हायड्रोजनवर चालणाऱ्या 20 बस होत्या. मागच्या बाजूनं नुसती वाफ. एका ड्रायव्हरनं मला सीटवर बसू दिलं. चढाला कशी ओढते विचारल्यावर त्यानं खांदे उडवले, तेवढं मला पुरलं. सुट्टीच्या एका दिवशी शहरात ग्रॅनव्हिल आयलंडला गेलो, तर ब्रुसेल्सहून उसनी आणलेली ट्राम ऑलिम्पिक व्हिलेज स्टेशनपर्यंत फुकट चालत होती. अंतर जेमतेम 1.8 किलोमीटर. मी चार वेळा गेलो-आलो, प्रत्येक वेळी ड्रायव्हरच्या मागे उभा. बायकोनं फोनवर विचारलं, काय बघितलंस? म्हटलं, ट्राम. ती जे म्हणाली ते इथे लिहीत नाही.

बाकी शहर धावतं पाहिलं. रॉब्सन स्क्वेअरवर फुकट झिपलाइन होती, रांगेत दीड तास काढला, पुढचं टोकही दिसेना तेव्हा नाद सोडला. समुद्राकाठची ज्योत बघायला गेलो तर तिच्याभोवती तारेच्या जाळीचं कुंपण, आणि लोक जाळीच्या भोकात कॅमेऱ्याची नळी घालून फोटो काढत होते. यावर एवढी टीका झाली की मग कुंपण जवळ आणलं आणि काही भाग पारदर्शक केला. स्टॅन्ली पार्कात रात्री नऊला तोफ उडते, ती ऐकून दचकणाऱ्यांत मी पहिला.

आपला शिवा केशवन तेव्हा ल्यूजमध्ये, म्हणजे बर्फाच्या घसरगुंडीवरून छोट्या घसरगाडीवर उताणं झोपून उतरायच्या खेळात, उतरला होता, 29वा आला. उद्घाटनाच्याच दिवशी सरावात जॉर्जियाच्या नोदर कुमारिताश्विलीचा त्याच घसरगुंडीवर मृत्यू झाला होता, आणि त्यानंतर पुरुषांची सुरुवात आधीपेक्षा खालच्या जागेवरून केली. त्या संध्याकाळी यार्डात कुणी फारसं बोललं नाही. आम्ही सगळे उतारावरची माणसं, वेग म्हणजे काय ते कळतं.

28 फेब्रुवारीची फेरी मात्र विसरणार नाही. सकाळी पुरुषांची 50 किलोमीटर क्रॉस-कंट्री बघायला आलेली माणसं मी खाली घेऊन येत होतो, आणि दुपारी शहरात हॉकीची अंतिम लढत, कॅनडा विरुद्ध अमेरिका. एरवी रेडिओ हळू ठेवायचा असा नियम होता, त्या दिवशी मी आवाज पूर्ण सोडला. कॅनडा 2-1 पुढे. वेळ संपायला 24 सेकंद असताना अमेरिकेनं बरोबरी केली आणि बसमध्ये कुणी मेल्यासारखी शांतता पसरली. मागे चार-पाच अमेरिकन होते, त्यांनीही सभ्यपणा म्हणून टाळ्या तोंडासमोर धरून हळू वाजवल्या. मग जादा वेळेत कॅनडाच्या क्रॉस्बीचा गोल. पन्नास माणसं एकदम उभी राहिली, गाडी डावी-उजवीकडे झुलली, समोरून येणारी प्रत्येक गाडी हॉर्न देत होती. मी दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून ओरडलो, "बसा हो, बसा!" आणि ते मराठीत ओरडलो हे मला नंतर कळलं. गंमत म्हणजे बसले सगळे.

आता कामाचं बोलतो, कारण तुम्ही हे काम घेणार आहात. पहिलं म्हणजे थांबण्याच्या वेळेचे पैसे मिळतात का, ते कागदावर घ्या. कॅनडात दिवसाला 13 तास गाडी चालवायची आणि 14 तास ड्युटीची मर्यादा आहे. मुकादम सांगायचा की वर थांबलात तो वेळ लॉगबुकात विश्रांती म्हणून लिहा. गाडीला कुलूप लावून खरोखर मोकळा असलो तर ते ठीक. पण गाडीजवळून हलायचं नाही असंही तोच सांगणार आणि विश्रांतीही लिहायला लावणार, तर मग पहाटे साडेतीनला उठलेला माणूस रात्री नऊला घाट उतरतो आणि कागदावर तो ताजातवाना असतो. मी जे घडलं तेच लिहिलं. त्यावरून दोनदा खटके उडाले, एक फेरीही हातची गेली. पण उतारावर झोप आली तर मुकादम गाडीत नसतो.

दुसरं, खोलीचं विचारा. आम्हाला एका मोटेलात दोघांत एक खोली दिली होती, माझा जोडीदार रात्रपाळीचा. महिनाभर आम्ही एकमेकांना जागे असे फार तर चार वेळा भेटलो, तेही दारात. तो यायचा, मी निघायचो, पलंग गरमच असायचा. जेवणाच्या डब्यात रोज थंड सँडविच. मी तिसऱ्या दिवशी छोटा कुकर विकत घेतला आणि खिचडीवर दिवस काढले. तुम्हीही न्या, सोबत मेतकूट असेल तर उत्तम.

परतताना रॉजर्स पासला उणे वीसच्या आसपास होतं आणि जाड जॅकेट पहिल्यांदाच कामाला आलं. थांबण्याच्या वेळेसाठी कंपनीला तीन पत्रं लिहिली. पैसे मे महिन्यात आले, मागितले होते त्याच्या निम्मे.