झाडं तोडून निसर्ग कसा वाचतो?

प्रश्न: आम्ही अमेरिकेत इलिनॉय राज्यात राहतो. मुलगी शनिवारी प्रेअरीवर व्हॉलंटिअरिंगला जाते आणि तिथे चक्क झाडं तोडतात म्हणे! हे काय पटत नाही बुवा.

उत्तर: अहो, तिथे झाड हाच प्रॉब्लेम आहे ना. प्रेअरी म्हणजे गवताळ माळ, इलिनॉयमध्ये एकेकाळी सुमारे 2 कोटी 20 लाख एकर होता, त्यातला चांगल्या अवस्थेतला आता एक टक्क्याच्या दहाव्या हिश्श्याइतकाही उरला नाहीये, बहुतेक सगळा नांगराखाली गेला. उरलेल्यात बकथॉर्न नावाचं झुडपासारखं झाड घुसतं. ते 19 व्या शतकात युरोपातून कुंपणासाठी आणलं, पक्षी फळं खाऊन बिया सगळीकडे टाकतात आणि त्याच्या दाट सावलीत गवत, फुलं काही टिकत नाही. ओळखायला सोपं, आजूबाजूची झाडं पिवळी पडली तरी हे हिरवंगार उभं असतं आणि कापलं की आतलं लाकूड केशरी. पण नुसतं कापून काही होत नाही, बुंध्याला लगेच तणनाशक औषध लावावं लागतं, नाहीतर एकाच्या जागी दहा फुटवे येतात (औषधाचं काम ट्रेनिंग घेतलेल्यांकडेच राहू दे).

आणि हो, तिथे मुद्दाम आगही लावतात, घाबरू नका. बिग ब्लूस्टेम गवताची मुळं आठ-दहा फूट खोल जातात, वरचं जळालं तरी ते परत उगवतं, कोवळी झुडपं मात्र मार खातात.

ऑक्टोबरमध्ये तुम्हीच जा की तिच्याबरोबर, तेव्हा देशी गवताच्या बिया गोळा करतात, कमरेला त्रास नाही. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, गोचिडी असतात.