चार्जिंगचे सेल : कुठे घालायचे, कुठे नाही

मागच्या महिन्यात एका उत्तरात मी ओझरतं लिहिलं होतं की मुलांच्या खेळण्यांत साधे सेल घालत बसू नका, चार्जिंगचे घ्या. त्या एका ओळीवर इतके प्रश्न आलेत की यावेळी दुसरा विषयच नको, फक्त सेल.

प्रश्न : मुलाची आगगाडी आठवड्याला ४ पेन्सिल सेल खाते, शिवाय रिमोटची कार वेगळीच. चार्जिंगचे सेल महाग वाटतात, खरंच परवडतात का? आणि नेमके कोणते घ्यायचे? – एक आई, पुणे

ताई, तुमच्याइतकी चांगली केस दुसरी नाही. आठवड्याला ४ म्हणजे वर्षाला २०० च्या वर सेल झाले, एकट्या आगगाडीचे! त्याऐवजी ८ चार्जिंगचे सेल घ्या, ४ गाडीत आणि ४ भरून तयार, की काम झालं. विजेचं म्हणाल तर एक पेन्सिल सेल पूर्ण भरायला वाया जाणारी वीज धरूनही ५ वॅट-तासाच्या आसपास लागते, म्हणजे १ युनिटमध्ये, म्हणजे १००० वॅट-तासात, साधारण २०० सेल भरतात, तुमचा अख्ख्या वर्षाचा खेळ एका युनिटमध्ये. त्यामुळे खर्च काय तो सुरुवातीचाच, सेल आणि चार्जरचा.

आता कोणते घ्यायचे. पाकिटावर निकेल मेटल हायड्राइड लिहिलेलं बघा आणि त्यातही 'प्री-चार्ज्ड' किंवा 'रेडी टू यूज' असेल तेच घ्या. पूर्वीचे चार्जिंगचे सेल नुसते ड्रॉवरमध्ये ठेवले तरी महिन्या-दोन महिन्यांत उतरून जायचे, त्यामुळे बऱ्याच घरांत लोकांनी ते एकदा आणले, वैतागले आणि परत नाव काढलं नाही. २००५ मध्ये सान्यो या जपानी कंपनीने एनेलूप नावाचे सेल आणले आणि हे दुखणं बरंचसं संपलं, आता या प्रकारचा चांगला सेल वर्षभर पडून राहिला तरी बराचसा भरलेला राहतो. डबल ए, म्हणजे नेहमीच्या पेन्सिल सेलमध्ये २००० एमएएचच्या (सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचं माप) आसपासचा, ट्रिपल ए, म्हणजे त्याहून बारीक सेलमध्ये ७५०-८०० चा घ्या. जास्त आकडा दिसला की हुरळून जाऊ नका, डबल ए मध्ये प्रामाणिक निकेलचा सेल २८०० च्या वर फारसा जात नाही, कुणी ४००० वगैरे छापलं असेल तर ते पाकीट तिथेच ठेवा.

आणि खरं सांगू का, सेलपेक्षा चार्जरवर पैसे घाला. स्वस्त चार्जर सेल जोडीनेच भरतात आणि भरले की थांबतही नाहीत, सेल तापत राहतात आणि वर्षभरात मरतात, मग दोष सेलला. प्रत्येक सेलला वेगळा दिवा असलेला आणि भरला की आपोआप थांबणारा चार्जर घ्या.

प्रश्न : भिंतीवरच्या घड्याळात चार्जिंगचा सेल घातला, ३ महिन्यांत बंद. साधा वर्षभर चालायचा. माझं काही चुकलं का? – एक वाचक, नागपूर

काका, तुमचं चुकलं नाही, जागा चुकली. घड्याळ इतका किंचित करंट घेतं की साधा कमी किमतीचा सेल त्यात वर्षभर आरामात जातो, कधी जास्तही. चार्जिंगचा सेल मात्र काम असो-नसो आपला आपण थोडा थोडा उतरत असतोच, जुन्या प्रकारचा असेल तर फारच, म्हणजे तुमच्या घड्याळात काट्यांनी कमी आणि सेलने स्वतःच जास्त खाल्लं. टीव्हीच्या रिमोटचंही तेच. माझा नियम असा की जे यंत्र वर्षात एकदाच सेल मागतं त्याला साधा द्या आणि जे महिन्यात मागतं त्याला चार्जिंगचा. खेळणी, कॅमेऱ्याचा फ्लॅश, वायरलेस माऊस, गेमचा कंट्रोलर, रोज वापरायची टॉर्च, हे सगळे मागणारे.

नागपूरचे आहात म्हणून अजून एक, मे महिन्यात दुपारी सेल चार्जिंगला लावू नका. ४५ डिग्रीत खोलीच इतकी तापलेली असते की सेल नीट भरत नाही आणि त्याचं आयुष्यही कमी होतं. पहाटे लावा, किंवा कूलरच्या खोलीत.

प्रश्न : आईच्या बीपी मशीनमध्ये आत्ताच भरलेले ४ सेल घातले तरी बॅटरी लो दाखवतं. सेल खराब निघाले का? – एक वाचक, कोल्हापूर

बहुतेक नाही. साधा किंवा अल्कलाइन (चार्ज न होणारा पण साध्यापेक्षा जास्त टिकणारा) सेल १.५ व्होल्टचा आणि चार्जिंगचा १.२ चा, म्हणजे तुमच्या मशीनला ६ च्या जागी ४.८ मिळतात. अल्कलाइन सेल १.५ ला सुरू होतो आणि वापरता वापरता घसरत जातो, अर्ध्यावर आला की तोही १.२ च्या आसपासच असतो. चार्जिंगचा मात्र १.२ ला ठाण मांडून बसतो आणि अगदी शेवटी एकदम खाली येतो. मशीनला हे कळत नाही, त्याला ४.८ दिसले की वाटतं जुने सेल संपत आले. म्हणून बऱ्याच यंत्रांत चार्जिंगचे सेल व्यवस्थित काम करतात पण बॅटरीचं चिन्ह खोटं बोलतं.

तरी हे आईचं बीपी आहे, खेळणं नाही. मॅन्युअल काढून बघा, त्यात अल्कलाइनच घाला असं म्हटलं असेल तर अल्कलाइनच घाला, तिथे पैसे वाचवू नका. आणि मशीनच्या बाजूला अडॅप्टरची पिन लावायचं भोक आहे का बघा, असेल तर कंपनीचाच अडॅप्टर घ्या, रोज मोजणाऱ्यांना तेच सोयीचं.

प्रश्न : पावसात आमच्याकडे लाइट सारखी जाते म्हणून ३ सेलच्या टॉर्चमध्ये चार्जिंगचे सेल घातलेत. ३ पैकी एक सेल नेहमी आधी मरतो, बदलला तरी तेच. – एक वाचक, रत्नागिरी

हा प्रश्न आला त्याचा मला फार आनंद झाला कारण याच चुकीत मी स्वतः ४ चांगले सेल घालवलेत. टॉर्चमध्ये सेल एकामागे एक असतात, सगळ्यांतून तोच करंट जातो. त्यातला एक जुना किंवा कमी भरलेला असेल तर तो आधी रिकामा होतो, पण बाकीचे दोघे अजून जोरात असतात, ते त्या रिकाम्या सेलमधून करंट ढकलत राहतात आणि तो चक्क उलटा भरायला लागतो, प्लसचा मायनस. असं दोन-चारदा झालं की तो सेल गेलाच. तुम्ही एकच बदलता, म्हणजे नवा एक आणि जुने दोन, आता जुन्यांतला कुणीतरी कच्चा पडतो, आणि हे चक्र थांबत नाही.

उपाय सोपा आहे. सेल घेतले की मार्करने त्यावर महिना-वर्ष आणि अ, ब असं गटाचं अक्षर लिहा. 'अ' चे तिघे कायम एकत्र, एकत्र वापरायचे, एकत्र भरायचे, वेगवेगळ्या कंपनीचे मिसळायचे नाहीत, साध्यात चार्जिंगचा तर अजिबात नाही. आणि टॉर्च पिवळी पडायला लागली की लगेच काढून चार्ज करा, पूर्ण विझेपर्यंत ओढू नका. पूर्ण रिकामा करून मगच भरायचा हा सल्ला जुन्या निकेल कॅडमियमच्या सेलचा, तो अजून लोकांच्या डोक्यातून जात नाही. आणि समुद्राजवळ आहात तर टॉर्चची स्प्रिंग महिन्यातून एकदा खोडरबराने घासा, खाऱ्या हवेने गंज धरला की सेल भरलेला असूनही उजेड मंद पडतो.

प्रश्न : चार्जिंगची पिन थेट सेललाच लागते असे नवे लिथियमचे पेन्सिल सेल मिळतात, वर ३००० लिहिलंय. ते जास्त चांगले ना? – एक वाचक, ठाणे

३००० च्या पुढे काय लिहिलंय ते नीट वाचा. बहुतेक ठिकाणी ते एमडब्ल्यूएच असतं, एमएएच नाही. एमडब्ल्यूएच म्हणजे एमएएच गुणिले व्होल्ट. ३००० ला १.५ ने भागा, २००० एमएएच आले, म्हणजे आकड्याला वाटतं तेवढा मोठा फरक नाही. त्यांचा फायदा वेगळा आहे, आत सर्किट असल्याने ते शेवटपर्यंत पूर्ण १.५ व्होल्ट देतात, त्यामुळे १.२ वर कुरकुरणाऱ्या यंत्रात छान चालतात. पण संपले की एका क्षणात बंद, आधी सूचना नाही, आणि त्या सर्किटमुळे कधीकधी रेडिओत खरखर येते. अजून एक सांभाळा, अगदी पेन्सिल सेलच्याच मापाचे ३.७ व्होल्टचे लिथियम सेलही बाजारात आहेत, ते चुकून रिमोटमध्ये घातले तर रिमोट जळेल.

प्रश्न : गॅस गीझरच्या मोठ्या सेलना पर्याय? – एक वाचक, नाशिक

तिथे चांगले अल्कलाइन घाला. २ सेलवर चालणाऱ्या गीझरला ३ च्या जागी २.४ व्होल्टच मिळाले तर ठिणगी नीट पडेल याची खात्री नाही, आणि स्वस्तातल्या चार्जिंगच्या मोठ्या सेलमध्ये आत बारीक पेन्सिल सेलच बसवलेला असतो, वजन उचलूनच कळतं. सेलचं राहू द्या, तुमचा गीझर बंद बाथरूमच्या आत असेल तर आधी तो बाहेर काढा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

प्रश्न : साधे सेल चार्जरमध्ये लावले तर? आमची आजी उन्हात ठेवून चालवायची. – एक वाचक, सातारा

चार्जरमध्ये नको, कधीच नको, ते पाझरतात, फुटूही शकतात. उन्हाने सेल भरत नाही, ऊब मिळाली की आतली रासायनिक क्रिया जरा वेगाने होते आणि उरलंसुरलं बाहेर येतं, आजीच्या रेडिओला बातम्यांपुरतं पुरायचं ते यामुळे.

प्रश्न : मेलेले सेल टाकायचे कुठे? – एक वाचक, मडगाव

ओल्या-सुक्या कचऱ्यात नाही. सेलवर फुली मारलेल्या कचरापेटीचं चित्र असतं ते त्यासाठीच. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून रिसायकलिंगला देण्याची जबाबदारी बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर आहे. तोवर घरात प्लास्टिकच्या बरणीत साठवा, लिथियमच्या सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा, आणि बरणी भरली की ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर द्या. बटन सेल मात्र बरणीतही लहान मुलांच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवा, गिळला तर २ तासांत अन्ननलिका आतून भाजू शकते, गिळल्याचा नुसता संशय असला तरी वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठायचं.